आत्याबाई, तुम्ही आमेन का म्हणालात?

आत्याबाई, पाळकसाहेबांनी तुमची कामं वाचून दाखवली.

तुम्ही पेटीत होता. पेटी शाळेच्या दोन मोडक्या बाकांच्या फळ्यांची केली होती. एका फळीवर कुणीतरी खिळ्यानं कोरलेला सातचा पाढा अजून दिसत होता. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, या बाई सासू नव्हत्या, आई होत्या. गावोगाव पायी फिरल्या, पटकीच्या साथीत लोकांची घाण काढली, पोरक्या पोरींना शिकवलं, अशा सत्कृत्यांनी भरलेल्या बाईंना स्वर्गात केवढी मोठी जागा मिळाली असेल! मंडळी माना हलवत होती. मला वाटलं, आता फळी ढकलून तुम्ही उठणार आणि म्हणणार, "साहेब, खाली बसा. इतकी वर्षं माझं काय ऐकलंत?"

तुम्ही उठला नाहीत. मीही उठले नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा मला साहेबांचा राग आला होता. आता तो तुमचा आहे. आज अकरावा दिवस, आणि तो वाढतोच आहे. कुणाला सांगू? तुमचे चिरंजीव मातीला आले, तीन दिवस राहिले आणि परत साखर कारखान्यावर कामाला गेले. त्यांना सांगितलं असतं तर ते डोकं धरून बसले असते. म्हणून लिहीत आहे. तुमच्याच रविवारशाळेच्या हजेरीची वही घेतली आहे, तिची मागची पानं कोरी आहेत. दुपार आहे. दुष्काळात काढलेल्या तलावाच्या कामाला आज सुट्टी आहे. बाळी झोपली आहे.

तुम्ही मिशनच्या प्रचारकबाई होता. खर्ड्याच्या आसपास अशी वस्ती नसेल जिथं तुम्ही चित्रांचा गुंडाळा काखेत मारून गेला नाहीत. पण बायकांना तुमची चित्रं आठवत नाहीत. त्यांना तुमची वाटी आठवते. पितळेची, काठाला चेपलेली. त्या वाटीत तुम्ही गूळ न्यायचा, कधी शेंगांची चटणी, सणाला खीर. एखाद्या घरी द्यायची आणि सांगायचं, "वाटी उद्या परत दे. पण रिकामी दे. धुतली नाहीस तरी चालेल."

हे कुणाला जमायचं? आपल्याकडं शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर मीठ घालतात. बायका घाबरायच्या. कुणी डाळ घालायची, कुणी कांदा. तुम्ही तो कांदा त्यांच्याच उंबऱ्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "बघ, जमलं नाही ना? वाटीभर गूळ तुला फुकट घेववत नाही, मग तारण कसं घेशील? देवानं दिलंय. तुझ्या कामानं ते मिळत नाही, तुझ्या कांद्यानं फिटत नाही. विश्वास ठेव आणि घे, संपलं." शेतकऱ्यांच्या घरच्या बायका आपल्या हातचं घेत नव्हत्या, त्यामुळं तुमचा हा धडा आपल्यासारख्यांच्या वस्त्यांपुरताच राहिला. पण आपल्या वस्तीत तरी तो पोराबाळांना पाठ होता.

मला तो पहिल्याच आठवड्यात मिळाला. मी नवी नवरी होते. तुम्ही मला वाटीभर शेवया दिल्या. मी खाल्ल्या, वाटी घासली, आणि आईनं बांधून दिलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांतले दोन त्यात घालून तुमच्यापुढं ठेवली. वाटलं, सासूबाई म्हणतील पोरीला वळण आहे. तुम्ही लाडू उचलून माझ्या हातावर ठेवलेत.

"सगुणा, मी तुला दिलं आणि तू मला परत केलंस. म्हणजे तू माझं घेतलंच नाहीस."

मी चुलीपाशी जाऊन रडले. तेव्हापासून आपलं हे भांडण चालू आहे. भांडण कसलं, तुम्ही बोलायचा आणि मी भांडी आपटायची.

मला काम केल्याशिवाय राहवत नाही. दर शनिवारी मी मिशनचं देऊळ झाडायची, सारवायची, दिव्याच्या काचा पुसायची. घरी येऊन तुमच्यासमोर उगाच घाम पुसत उभी राहायची. तुम्ही वर न बघता विचारायचा, "झालं झाडून? आता विसर." मला एवढा राग यायचा! एकदाच मी धीर करून बोलले होते.

"कामाची काहीच किंमत नसेल, तर मी पहाटे उठून दळते ते कशाला?"

"भाकरी लागते म्हणून. देवासाठी नको दळू. देवाला दात हायत का?"

आणि तुम्ही एवढ्या हसलात की तुमचा चष्मा पडला. मलाही हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. आता वाटतं, दाखवायला हवं होतं.

कौसावहिनी मात्र तुम्हाला सोडत नव्हती. शेजारचं घर. तिच्या घरचे आपल्या वस्तीतल्या इतरांसारखे बौद्ध झालेले, आणि तिला देवाचं नाव काढलेलं खपत नाही. पाण्याच्या टँकरची वाट बघत सगळ्या बायका घागरी घेऊन बसलेल्या असायच्या, तिथं तुमची दोघींची जुगलबंदी.

"आत्ती, तुमचा देव लई सैल हाय बगा. कायबी न करता तारतो. आमाला सांगितलंय, आपलं आपन करा. वरून कुनी येत न्हाई."

"मग केलंस का?"

"काय?"

"आपलं आपण. झालीस का चांगली?"

"झाले असते की! पर ही म्हातारी दिसभर बडबडती, मला येळ कुटं घावतो?"

बायका हसून लोळायच्या. पण एकदा कौसावहिनी हसली नव्हती. म्हणाली, "खरं सांगू का आत्ती, फुकट घेतलं की मानूस वाकतो. आमी लई वाकलो. शिळं घेतलं, उतरलेलं घेतलं. आता न्हाई घ्यायचं." तुम्ही घागर उचललीत. घरी येताना घागर डोक्यावर तशीच धरून मला म्हणालात, "कौसा बरोबर बोलली. मालकाकडून घेतलं की माणूस वाकतो. पण आईकडून घेतलं की वाकतो का?" मला वाटलं, तुम्ही उपासनेसाठी काहीतरी जुळवत आहात.

आता पिठाच्या डब्याकडं येते. तेवढ्यासाठीच ही वही घेतली आहे, पण हात तिथं जायला बघत नाही.

हा दुष्काळ पडला तेव्हा बाळी चार महिन्यांची होती. तुमचे चिरंजीव कारखान्यावर गेले आणि मी तलावाच्या कामाला. उजाडायच्या आत बाळीला पाठीशी बांधून निघायचं, तिथं बाभळीला झोळी टांगायची, दिवसभर माती वाहायची. तुम्ही घरी. आपलं ठरलं होतं की मी सकाळी माझ्या भाकरी नेईन, आणि तुम्ही दुपारी डब्यातलं दोन मुठी पीठ घेऊन तुमची भाकरी करून घ्याल. रात्री तुम्ही जेवत नव्हता. म्हणायचा, दात नाहीत आणि रात्रीचं पचत नाही, दुपारी पोटभर खाल्लंय.

पीठ त्या रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीचं. भाकरी थापायला गेलं की तडकायची. रविवारी डबा भरला की गळ्याशी यायचा. डब्यावर एक निळं फूल काढलेलं आहे. आपलं दोघींचं खाणं बघता शनिवारपर्यंत पीठ तळाला जायला हवं होतं. पण आत हात घालून बघितलं की ते फुलाच्या देठाशी थांबलेलं असायचं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, मी जास्त भरलं असेल. दुसऱ्या आठवड्यात तेच. तिसऱ्या आठवड्यात माझ्या अंगावर काटा आला. रविवारशाळेत ऐकलेली गोष्ट आठवली, दुष्काळात विधवेच्या मडक्यातलं पीठ देवानं संपू दिलं नाही ती. वस्तीतल्या तीन बायांचं दूध आटलं होतं, माझं आटलं नव्हतं. मी तुम्हाला हळूच सांगितलं, "आत्याबाई, डबा संपत नाही." तुम्ही म्हणालात, "असं? मग झाकण नीट लाव."

मी माझ्या मनानं चार रविवार तयारी केली आणि पाचव्या रविवारी, उपासनेत देवानं काय केलं याची साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा, बाळीला कडेवर घेऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. तुम्हाला आठवतं ना, एकदा बायकांच्या सभेत मला प्रार्थना करायला सांगितली आणि माझा आवाजच गेला, तर तुम्ही मोठ्यानं गाणं सुरू करून मला झाकलं होतं? तीच मी. उभी राहिले आणि बोलले, "माझ्या घरात मी आणि आत्याबाई खातो. पीठ आठवड्यात संपायला पाहिजे. ते संपत नाही. आम्ही काही केलेलं नाही. देव डबा भरतो." आणि खाली बसले.

सगळ्यांत मोठ्यानं आमेन कोण म्हणालं? तुम्ही.

घरी येताना तुम्ही माझा हात धरलात. "चांगलं बोललीस. आवाज कापला नाही." मला लहान मुलीसारखं झालं होतं. माझ्या लग्नाच्या दिवशी मी एवढी सुखी नव्हते. वाटलं, अखेर मी काही न करता मिळालेलं घेतलं. अखेर सासूबाईंचा धडा मला जमला.

तुम्हाला ते दिसत होतं. माझं तोंड तुम्हाला दिसत होतं. आणि तुम्ही गप्प राहिलात.

मग तुम्ही पडलात. आधी जुलाब, मग ताप. कौसावहिनीच्या मुलानं बैलगाडी जुंपली आणि आपण दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तुमच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. त्यांनी मला विचारलं, "म्हातारी खात होती का?" मला ते विचारणं लागलं. सून काय सासूला उपाशी ठेवते? मी सगळ्यांसमोर चढ्या आवाजात म्हटलं, "खात होत्या. रोज आपल्या हातानं भाकरी करत होत्या." तुम्ही खाटेवर डोळे मिटून पडला होता. तुम्ही ऐकत होता का? मी तुमच्यासाठी खोटं बोलले, आत्याबाई, आणि मला ते ठाऊकही नव्हतं.

घरी आणल्यावर मी पेज केली. तुमच्याच वाटीत घेतली. चमचा तोंडाशी नेला तर तुम्ही मान फिरवलीत. "बाळीला दे." पुन्हा नेला, पुन्हा तेच. तेव्हा माझ्यात काय शिरलं कुणास ठाऊक. मी ओरडले, "सगळ्या मुलखाला घ्यायला शिकवलंत! आता तुम्ही घ्या!" बाळी दचकून रडायला लागली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि हसलात. दात नसलेलं तोंड उघडलंत. एक चमचा घेतलात. दुसरा नाही घेतलात. उजाडता उजाडता तुम्ही गेलात.

त्या एका चमच्याचं काय करू, मला कळत नाही.

माती देऊन आलो त्या संध्याकाळी कौसावहिनी पिठलं-भाकरी घेऊन आली. पिठलं तिच्या जर्मनच्या पातळ पत्र्याच्या वाटीत. तिच्याही घरी काय होतं, देव जाणे. माझ्यापुढं बसली आणि म्हणाली, "खा आता. तिच्यावानी करू नगस."

"तिच्यावानी म्हणजे?"

ती पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "सगुणावैनी, म्हातारी दुपारची भाकरी करतच नव्हती."

"काहीतरीच. परात रोज ओली असायची. तवा गरम असायचा."

"परात ओली करायची. तवा तापवायची. चिमटीभर पीठ पदराला लावायची, तुला दिसावं म्हनून. माज्या डोळ्यानं बगितलंय."

मला तो पदर आठवला. रोज संध्याकाळी तुमच्या पदरावर पिठाचा पट्टा, आणि मी रोज कुरकुर करायची, "पदर तरी झटकत जा, आत्याबाई." तुम्ही म्हणायचा, "म्हातारपण, दुसरं काय."

"मग खायच्या काय?"

"चिंचोके भाजून. कोरा चा. दोनदा मी माजी भाकरी नेली तिच्याकडं. माज्यादेकत घेतली. मागनं कळलं, दुसऱ्या दिशी तुज्या फडक्यात बांदली."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तिनं मला अडकीवलं. म्हनली, सगुणाला सांगितलंस तर तिचं दूद आटंल, मग ती पोर तुज्या डोक्यावर." कौसावहिनीनं पदर सोडला. "म्या म्हनलं, आत्ती, तू तर म्हनतीस करून काय मिळत न्हाई. मग ह्ये कशापायी करती? तर म्हनली, मिळवायला न्हाई करत, कौसे. मिळालंय म्हनून करते."

माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. ती गेल्यावर मी तुमची चित्रांची पिशवी उघडली. गुंडाळ्याच्या खाली फडक्याची गाठ होती. तिच्यात भाजलेले चिंचोके. तुम्ही तोंडात काहीतरी खुडखुडवत असायचा, मी विचारलं तर म्हणायचा, सुपारी. तरीही मी मनाला म्हटलं, म्हातारीची आवड असेल.

मग रविवारी मी डबा भरला. गळ्यापर्यंत, नेहमीसारखा. आता घरात खाणारी मी एकटीच. रोज तेवढ्याच भाकरी केल्या. काल शनिवारी आत हात घातला. पीठ फुलाच्या देठाशी होतं. तुम्ही असताना शनिवारी जिथं असायचं, तिथंच. बोटभरही फरक नाही.

म्हणजे इतके महिने या घरात एकच माणूस जेवत होतं.

मी डब्यापाशी बसून राहिले. रडू आलं नाही. राग आला. हाताला तुमची वाटी लागली ती मी भिंतीवर फेकली. तिच्या काठाला आता दुसरी चेप पडली आहे.

आत्याबाई, मी तुम्हाला विचारते. चार महिने तुम्ही माझ्याशी खोटं वागलात, पदराला पीठ लावून. हे तुमच्या कुठल्या धड्यात बसतं? मी तुम्हाला रोज दोन मुठी पीठ ठेवलं होतं. माझ्या मातीच्या पाट्यांचं ते पीठ. ते तुम्ही डब्यातच राहू दिलंत. मी तुम्हाला दिलं आणि तुम्ही मला परत केलंत. म्हणजे तुम्ही माझं घेतलंच नाहीत. शब्द कुणाचे आहेत हे? दोन लाडवांसाठी मला रडवलंत, आणि स्वतः शेकड्यांनी भाकरी परत केल्यात. सगळ्या मुलखाला वाटी रिकामी परत करायला सांगणाऱ्या बाईनं माझी वाटी मात्र रोज भरून परत केली.

आणि साक्ष? मी देवाचं नाव घेतलं त्या दिवशी तुमच्या पोटात चिंचोके होते. तेवढ्या पोटानं तुम्ही आमेन म्हणालात. कसं निघालं तोंडातून? पाळकसाहेबांनी तुमच्या मातीच्या वेळी माझी ती साक्षसुद्धा सांगितली, की या बाईंच्या घरी देवानं चमत्कार केला. मंडळी माझ्याकडं बघत होती. आता ती साक्ष कुठल्या तोंडानं मागं घेऊ?

मी लहानपणापासून गात आले आहे की कुणीतरी माझ्यासाठी मेलं आणि मला ते फुकट मिळालं. टाळ्या वाजवून गायले आहे. कधी माझा घास अडला नाही. कारण ते फार लांब झालं होतं, फार आधी, दुसऱ्या मुलखात. मला वाटायचं, विश्वास ठेवणं सोपं आहे, काम करणं अवघड. तुम्ही म्हणायचा, उलट आहे, पोरी. आता कळलं. बाळी माझ्यापुढं झोपली आहे. गाल भरलेले आहेत तिचे. वस्तीत एवढी गुटगुटीत पोर दुसरी नाही. त्या गालांवर तुमची भाकरी आहे. मी ती कुठं परत करू? तुमच्या थडग्यापाशी पीठ ठेवू? देऊळ दिवसातून तीनदा झाडू? मी ते करूनही बघितलं. आज उजाडताच गेले आणि झाडलं, सारवलं, बाकं पुसली. कुणीच म्हणालं नाही, "झालं? आता विसर."

मालकाकडून घेतलं की माणूस वाकतो, आईकडून घेतलं की वाकत नाही, असं तुम्ही म्हणालात. पण तुम्ही माझ्या आई नव्हता. मी तुम्हाला आत्याबाई म्हणत होते, तुमच्यापुढं पदर सावरून उभी राहत होते, भांडी आपटत होते. म्हणून मी वाकले आहे. मला सरळ उभं राहता येत नाही. हे शिकवायला तुम्हाला मरायची गरज नव्हती. मी शिकले असते. हळूहळू शिकले असते. लाडवांवर थांबायचं होतं.

एवढं लिहून मी थांबले होते. समोर फळीवर कौसावहिनीची वाटी दिसली. पिठल्याची. अकरा दिवस ती आपल्या घरात आहे. द्यायला गेले नाही, कारण तिच्यात घालायला काही नाही. मीठ आहे, चिमूटभर. पीठ आहे. उठले, वाटी घेतली, डब्याचं झाकण काढलं, मूठ भरली. मूठ वाटीवर धरून मी किती वेळ उभी होते सांगता येत नाही. हात उघडेना. मग ती मूठ परत डब्यात सोडली.

आत्ता जाऊन आले. कौसावहिनी दारात गोवऱ्या मोडत होती. मी वाटी तिच्यापुढं धरली. माझा हात एवढा जड झाला होता की मातीची पाटी परवडली. तिनं वाटी घेतली. आत बघितलं. उलटी केली. तळहातावर आपटली.

"कायच न्हाई?"

"नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडाचं काय होतंय मला कळेना. मग तिनं वाटीच्या काठावरून नख फिरवलं.

"धुतली बी न्हाईस नीट. पिठलं वाळलंय हितं."

"धुतली नाही तरी चालतं."

कौसावहिनी मटकन उंबऱ्यावर बसली आणि वाटी पोटाशी धरून रडायला लागली. ती तुमच्या मातीलासुद्धा रडली नव्हती. मी तिच्यापाशी बसले. थोड्या वेळानं डोळे पुसून म्हणाली, "म्हातारी असती तर आज गूळ वाटला असता. मी देव मानत न्हाई, पर तिच्या देवाच्या नावानं." मग नाक ओढून म्हणाली, "खोटारडी लेकाची." मी म्हटलं, "हो." आम्ही दोघी हसलो. तुम्हाला शिव्या देत बसलो थोडा वेळ. बरं वाटलं.

परत येताना हात मोकळे होते. दोन्ही. इतके मोकळे की कुठं ठेवावे कळेना.

राग गेलेला नाही, आत्याबाई. तसं समजू नका. तुमची वाटी उचलून ठेवली आहे, पण चेप मी काढून घेणार नाही. जोवर पीठ देठाशी दिसेल तोवर मी तुमच्याशी भांडणार आहे.

येत्या रविवारी साक्षीच्या वेळी मी उभी राहणार आहे. डबा कुणी भरला ते सांगणार आहे. पदराचं सांगणार, चिंचोक्यांचं सांगणार. पाळकसाहेबांनी ते तुमच्या कामांच्या यादीत घातलं, तर मी त्यांना म्हणेन, साहेब, खाली बसा. हे काम नव्हतं. हे त्यांना आधीच मिळालेलं होतं, ते त्यांनी आम्हाला दिलं, आणि आम्ही खाल्लं. एवढंच.

माझा आवाज कापेल. कापू दे. तो झाकायला गाणं म्हणणारं या वेळी कुणी नाही, आणि आमेन म्हणायलाही तुम्ही नाही.